लादी

दुकानदाराचा मुलगा दार उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो:
बेचाळीस लिटर, वर-खाली दोन-दोन रॉड, आत पंखा,
कोंबडी फिरवायची सळई फुकट.
मी वीज खात्यात एकतीस वर्षं खांबांवर काढली,
म्हणून आधी पाठीवरचं लेबल वाचतो.
दोन हजार वॅट. सोळा अँपियरची पिन.
संध्याकाळी सातला आमच्या वाड्यावरचं व्होल्टेज
एकशे ऐंशीवर उतरून बसतं,
हे मी त्याला सांगत नाही.

इनास काहीच बोलत नाही.
त्याच्या काखेत तांदळाची पिशवी, पिशवीत जुना पेपर,
पेपरात त्याच्या भट्टीच्या तळातली एक लादी.
भट्टी चवथीपासून थंड आहे.
लाकूड महागलं, असं तो सगळ्यांना सांगतो.
मला ठाऊक आहे, गुडघा.
सायकल अजून दारात उभी असते,
हॉर्नचा रबरी फुगा पोरांनी काढून नेला.

घरी पाव भाजायला कोणता ओव्हन घ्यावा,
हे मी त्यालाच विचारलं होतं, आणि विचारून जीभ चावली.
सुताराला विचारावं तसं,
प्लास्टिकची खुर्ची कुठली चांगली.
तो म्हणाला, "शनवारी डिचोलीच्या बाजारात ये. मापून बघू."
मला वाटलं, टेप आणील.

पहिल्यात लादी शिरलीच नाही.
दुसऱ्यात शिरली, पण दार मिटेना.
तिसरा निळ्या आकड्यांचा, काच आरशासारखी.
"अंकल, ओरखडे पडतील," मुलगा म्हणाला.
इनासने लादी खाली ठेवली
आणि हात आत घातला, कोपरापर्यंत,
थंड ओव्हनात,
आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागला.
भट्टी तो अशीच बघायचा:
पाचाला हात बाहेर आला तर उंडे,
बाराला आला तर काकणं.
इथे तो वीसच्याही पुढे गेला.
मुलगा माझ्याकडे बघत राहिला,
मी पंख्यांच्या किमती वाचत राहिलो.

शेवटचा एक वॉशिंग मशीनच्या मागे होता,
गेल्या सालचा, कोपऱ्याला पोचा आलेला,
फिरवायची बटणं, फिरवली की कुरकुरणारी.
लादी आत गेली. चारी बाजूंनी
जेमतेम बोटभर जागा. दार मिटलं.
"हाच."
किंमतसुद्धा त्याने विचारली नाही.

चौऱ्याण्णव साली त्याचं कनेक्शन मी तोडलं होतं.
तीन बिलं थकलेली, वरून कागद आलेला,
आणि शिडीही त्याचीच मागून घेतली.
त्याने ती धरली. खाली उभा राहून, दोन्ही हातांनी.
दुसऱ्या दिवशी पहाटे हॉर्न नेहमीच्या वेळेला वाजला.
भट्टीला कुठे माझी तार लागत होती.
पिशवीत रोजचे चार उंडे, वर एक.
बायको म्हणाली, मोजताना चुकला असेल.
पोदेर मोजताना चुकत नाही.

पहिल्या रविवारी तो आमच्या स्वयंपाकघरात
स्टुलावर बसला, काचेपासून हातभर अंतरावर.
सूर मिळाला नव्हता, पाकिटातलं यीस्ट होतं,
त्याकडे त्याने पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं.
तेराव्या मिनिटाला लाइट गेली.

एकतीस वर्षं लोक मला विचारायचे, कधी येणार?
आता मी कुणाला विचारू?
माझा हात मुठीकडे गेला.
"उघडू नको," अंधारातून इनास म्हणाला,
"लादीला अजून कळलेलं नाही."

मग आम्ही बसून राहिलो.
चावीचा टायमर तेवढा टिकटिकत होता,
त्याला विजेशी देणंघेणं नव्हतं.
आधी ओल्या पिठाचा वास होता,
मग कधीतरी तो नव्हता,
आणि बायको देव्हाऱ्याजवळची मेणबत्ती घेऊन
दारातच थांबली.

वरून फिकेच होते, आजारी माणसासारखे.
इनासने एक उलटा केला.
पोटावर खरपूस तांबूस, आणि मधोमध
एक तिरकी रेघ उमटलेली:
लादीची जुनी चीर.
त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं,
कान लावला,
बराच वेळ लावून ठेवला.
मग मोडून एक घास खाल्ला.

"मीठ कमी," म्हणाला.